निरोप पोचत नाही तेव्हा

लवंगी मिरचीचा ठेचा केला की हात कितीही धुवा, तासाभरानंसुद्धा बोटांची आग आग होत राहते. हा अनुभव नाही अशी गृहिणी मला तरी अजून भेटायची आहे. नळाखाली हात धरला की क्षणभर बरं वाटतं, हात काढला की पुन्हा भगभग सुरू. त्याच हातानं डोळा चोळला गेला तर मग विचारूच नका! पण एक गंमत पाहिलीत का? बोटं एवढी भाजल्यासारखी होतात, पण त्यांवर फोड उठत नाही. दुसऱ्या कुणी हात लावून पाहिला तर बोट गरमही लागत नाही. मग ही आग असते तरी कुठे?

प्रश्न माझा नव्हे हं, आठवीतल्या एका मुलीचा. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. बी.ए.लाही मराठीच घेतलं होतं. शास्त्राशी संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या शास्त्राच्या बाई रजेवर गेल्या आणि त्यांचे तास माझ्या वाट्याला आले. धडा ज्ञानेंद्रियांचा. मी आपली डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा अशी उजळणी घेत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर आला. "बाई, मिरचीनं तोंड भाजलं म्हणतात, पण मिरची तर गार असते ना?" सगळा वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. "परवा सांगते," म्हटलं आणि घरी येऊन वाचायला बसले. शास्त्राच्या बाईंनी दोन पुस्तकं दिली. ह्यांचा भाचा मेडिकलला आहे, त्याला फोनवर पिडलं. जे कळलं ते आपल्या स्वयंपाकघरातलंच निघालं. पण आज ते लिहायला बसले आहे ते नुसत्या मिरचीसाठी नाही. कारण पुढे येईलच.

तर, आपली कातडी. उशीच्या अभ्र्यासारखं ते नुसतं वरचं आवरण, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तिच्यात मज्जातंतूंची असंख्य टोकं येऊन पोचलेली असतात. मज्जातंतू म्हणजे एका पेशीचाच लांबच लांब धागा. पायाच्या अंगठ्यातून निघालेला धागा थेट पाठीच्या कण्यापर्यंत अखंड जातो, म्हणजे चांगला मीटरभर झाला की! या धाग्यांच्या टोकांवर अतिशय सूक्ष्म दारं असतात, प्रथिनांची बनलेली. पुस्तकात त्यांना 'ग्राहक' म्हटलंय. मला ग्राहक म्हटलं की वाण्याच्या दुकानातलं गिऱ्हाईकच डोळ्यांपुढे येतं, म्हणून मी आपलं दारच म्हणते.

एकेक दार एकेका गोष्टीसाठी. उष्णतेचं एक दार आहे, ते साधारण ४३ अंश सेल्सियसला उघडतं. आंघोळीचं पाणी कडक असलं तरी सोसवतं आणि मग एकदम पोळायला लागतं, ती ही हद्द. दार उघडलं की बाहेरचे सोडियम आणि कॅल्शियमचे विद्युतभार असलेले कण आत घुसतात. धाग्याच्या आतला-बाहेरचा विजेचा तोल बिघडतो आणि त्या बिघाडाची एक लाट धाग्यातून कण्याकडे आणि तिथून मेंदूकडे निघते. म्हणजे उष्णता स्वतः कुठेच जात नाही. ती दाराशीच थांबते. पुढे जातो तो फक्त निरोप.

आणि मिरचीतलं जे तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, ते नेमकं याच दाराला किल्लीसारखं बसतं. दार उघडतं, निरोप जातो: 'भाजलं!' मेंदूला बिचाऱ्याला काय ठाऊक, दार विस्तवानं उघडलं की मिरचीनं? त्याच्यापर्यंत पोचलेला निरोप तोच. म्हणून घाम फुटतो, नाक वाहतं, आपण तोंडानं 'हाऽ हाऽ' करतो. भाजल्यावर करू ते सगळं. फोड मात्र येत नाही, कारण भाजलेलंच नसतं. हे दार कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली शोधून काढलं आणि त्याबद्दल त्यांना २०२१ सालचं नोबेल पारितोषिक अर्धं मिळालं. अर्ध्याचं मानकरी कोण, तेही सांगते थोड्या वेळानं.

मराठीची शिक्षिका म्हणून मला यात एका गोष्टीची फार मौज वाटली. आपण गरम वेगळं म्हणतो, तिखट वेगळं म्हणतो. मिरची 'झोंबते' हा शब्द तर आपला खास. इंग्रजीत मात्र दोन्हीला 'हॉट'च. मला लहानपणापासून ती इंग्रजीची गरिबी वाटायची. आता कळतंय की जिभेच्या टोकाला मज्जातंतूंच्या शब्दकोशातही दोन्हीला एकच शब्द आहे!

पोपट मिरच्या कशा मिटक्या मारत खातो, तेही यातच आलं. पक्ष्यांच्या अंगातही उष्णतेचं दार असतं, पण त्याची घडण जराशी निराळी. मिरचीची किल्ली त्याला लागत नाही. पोपट मजेत मिरची खातो, बिया लांबवर नेऊन टाकतो, आणि मिरचीचा वंश वाढतो. पुदिन्याची गंमत याच्या उलट. गारव्याचं म्हणून वेगळं दार आहे, २००२ साली सापडलेलं. पुदिन्याच्या अर्कातलं मेन्थॉल ते उघडतं. म्हणून पेपरमिंटची गोळी तोंडात गार लागते आणि कपाळावर बाम लावला की गारेगार वाटतं. कपाळाचं तापमान तसूभर उतरलेलं नसतं.

जाता जाता उपयोगाचं सांगून टाकते. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हात झोंबत असतील तर नुसत्या पाण्यानं उपयोग नाही. आधी गोडं तेल चोळायचं, मग साबणानं धुवायचं. मिरच्या चिरण्याआधीच हाताला तेलाचा हात फिरवला तर आणखी चांगलं. आणि तोंड पोळलं तर पाणी ढोसण्याऐवजी दूध किंवा दही.

आता पुढचा प्रश्न माझ्या मनात आला तो असा. चटका, टाचणी, मऊ शाल, पावसाचा थेंब, या सगळ्यांचे निरोप मेंदूला वेगवेगळे कसे कळतात? तर वीज सगळीकडे एकाच प्रकारची. आपली तारसेवा होती ना (२०१३ साली बंद झाली), तसंच काहीसं. बारशाची तार असो की मयताची, तारेतून जायचं ते 'कड-कट्ट'च. केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी १९२६ साली बेडकाच्या स्नायूला वजनं टांगून हे पाहिलं. वजन वाढवलं तर एकेक ठोका मोठा होत नाही, ठोके भराभर पडायला लागतात. म्हणजे दुखणं किती मोठं, ते ठोक्यांच्या घाईवरून कळतं. आणि दुखतंय की गुदगुल्या होताहेत, ते निरोप कुठल्या धाग्यातून आला त्यावरून. हवं तर डोळे मिटून पापणीच्या कोपऱ्यावर हलकेच बोट दाबून पाहा. अंधारात उजेडाचं वर्तुळ दिसतं. उजेड नसतोच, पण डोळ्याच्या धाग्यातून काहीही आलं तरी मेंदू ते उजेड म्हणूनच वाचतो.

ही दारं मोठी हिशेबी असतात. सतत तेच ते होत असेल तर स्पर्शाचे बरेच धागे सांगायचंच थांबवतात. आपल्या हातातल्या बांगड्या, गळ्यातलं मंगळसूत्र दिवसभर जाणवतं का? नवी बांगडी भरली की पहिले चार तास जाणवते, मग विसरते. पाहुण्याला आपल्या घराचा वास येतो, आपल्याला येत नाही. वर्गात मी तीन भांडी ठेवली होती: एकात गार पाणी, एकात सोसवेल असं गरम, मधल्यात कोमट. एक हात गारात, एक गरमात मिनिटभर बुडवून दोन्ही एकदम कोमट पाण्यात घालायचे. एक हात म्हणतो गरम, दुसरा म्हणतो गार! मुलींनी तास संपल्यावरही भांडी सोडली नाहीत.

स्पर्शाच्या दाराचा शोध नोबेलच्या दुसऱ्या मानकऱ्यांचा, आर्डेम पटापूटियन यांचा. मूळचे लेबनॉनमधल्या बैरूतचे, तरुणपणी अमेरिकेला गेले. दाब पडला की उघडणारं दार कुठल्या जनुकाचं, हे शोधायला त्यांनी ७२ जनुकांची यादी केली. पेशीला बारीक काचेच्या नळीनं टोचायचं आणि एकेक जनुक बंद करून पाहायचं. यादीतल्या अगदी शेवटच्यापाशी पेशी गप्प झाली! हे २०१० सालचं. (हरवलेली किल्ली शेवटच्याच डब्यात सापडते, तसं झालं म्हणायचं.) याच जातीचं एक दार स्नायूंमध्येही असतं आणि आपले हातपाय कुठे आहेत ते मेंदूला कळवत राहतं. म्हणून अंधारात आपण न चाचपडता नाकाला बोट लावू शकतो, जिन्याची पायरी पायाला आपोआप सापडते. ज्यांचं हे दार जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यांना डोळे बांधून चालताच येत नाही.

हे एवढं वाचलं तेव्हा मला ते ज्ञान म्हणून आवडलं होतं. त्याचं खरं काम पडलं मे महिन्यात.

माझ्या सासूबाईंना अठरा वर्षं मधुमेह आहे. मध्ये एक-दोन वर्षं रात्री त्यांच्या तळपायांची भयंकर आग व्हायची. पाय थंड लागायचे, पण त्या म्हणायच्या, निखाऱ्यावर ठेवल्यासारखे वाटतात. मग काशाच्या वाटीनं तूप चोळायचं, तासतासभर. कधी पायांना मुंग्या, कधी कापसावर चालल्यासारखं. मग हळूहळू आग थांबली. "वाटीनं गुण आला बघ," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत. पुढे पुढे चालताना एक चप्पल मागे राहून जायची आणि त्यांना चार पावलांनी, कुणी हाक मारली की कळायचं. घरात त्यावर विनोद व्हायचे. रात्री उठल्या की भिंत धरून चालायच्या. ते वयाचं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

मे महिन्यात गावच्या देवीला गेलो होतो. दुपारी बाराची वेळ, देवळाभोवतीची दगडी फरशी तव्यासारखी तापलेली. आम्ही सगळे उड्या मारत सावलीत पळालो. सासूबाईंनी मात्र शांतपणे अकरा प्रदक्षिणा घातल्या. बरोबरच्या बायका कौतुकानं म्हणाल्या, "काय श्रद्धा आहे हो!" संध्याकाळी घरी त्या पाय पसरून बसल्या होत्या, तर माझी सहा वर्षांची लेक म्हणाली, "आजी, तुझ्या पायाला फुगा आलाय." दोन्ही तळव्यांना फोड. एक फुटून सतरंजीला चिकटलेला. आणि सासूबाई विचारतात कशा, "कुठं गं? मला तर काही नाही."

डॉक्टरांनी एक नायलॉनचा धागा काढला. तो टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा भार पडला की वाकतो. डोळे मिटायला सांगून त्यांनी तो अंगठ्याला, तळव्याला, टाचेला टेकवला. "कळलं की सांगा, आजी." सासूबाई वाट पाहत बसल्या. धागा दहा ठिकाणी वाकला, त्या एकदाही बोलल्या नाहीत. मग घणघणणारा चिमटा अंगठ्याच्या हाडाला लावला. तोही नाही. माझ्या पोटात खड्डा पडला.

रक्तातली वाढलेली साखर वर्षानुवर्षं मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा करते. सगळ्यांत लांब धागे आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. मग मोजा चढवावा तसा बधिरपणा वर वर सरकतो. मरायला लागलेला धागा दार न उघडताच खोटेनाटे निरोप पाठवत राहतो, ती रात्रीची आग. मिरचीसारखीच, विस्तवाशिवायची. आणि धागा पुरता गेला की निरोप बंद. आग थांबली म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला, ती पाय बरे झाल्याची खूण नव्हती.

तव्याला बोट लागलं तर दुखायच्या आतच हात मागे येतो, हे आपण रोज पाहतो. मेंदूची वाटच पाहिली जात नाही; कण्यातूनच परस्पर हुकूम सुटतो. मग आधी येते ती झर्रकन कळ, जलद धाग्यांतली, आणि मागून येते ती ठणकणारी आग. तिचे धागे सावकाश चालणारे, सेकंदाला जेमतेम मीटरभर. आपण फुंकर घालतो, चोळतो, तेव्हा स्पर्शाचे निरोप कण्यापाशी गर्दी करतात आणि दुखण्याच्या निरोपाची वाट थोडी अडवतात. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी हे मांडलं. आया ते करतच आल्या आहेत. सासूबाईंच्या पायांत यातलं काहीच घडलं नाही. हुकूमच नाही, तर पाय उचलायचा कुणी?

आमच्या भाच्यानं वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल सांगितलं. ते १९४६ साली तिथे आले. महारोग्यांची बोटं रोगानं सडून गळतात, असा तेव्हा सर्वत्र समज. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस सडत नाही. रोगानं मज्जातंतू गेलेले असतात, दुखत नाही, म्हणून माणूस जखमेवरच काम करत राहतो. झोपेत उंदीर बोट कुरतडून जातो तरी जाग येत नाही. म्हणून रोग्यांना मांजर पाळायला सांगितलं! हे वाचून मला रात्रभर झोप आली नाही.

जखमा भरायला अडीच महिने लागले. पण त्याहून कठीण गेलं ते सासूबाईंना पटवणं. "दुखत नाही तर उगाच डॉक्टरकडं कशाला? पैसे वर आलेत का?" हे त्यांचं पालुपद. त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे न कण्हणाऱ्या बाईचं केवढं कौतुक! 'सोसणारी आहे हो' हे प्रशस्तिपत्रकच. जन्मभर दुखणं गिळायची सवय झालेल्या बाईला 'तुम्हाला दुखत नाही हाच आजार आहे' असं सांगायचं कसं? मला तर वाटतं, ते कौतुक आता आपण बायकांनीच बंद करावं.

दुसरी अडचण संकोचाची. सुनेनं सासूचे पाय उचलून तळवे पाहायचे, हे त्यांना काही केल्या रुचेना. गंमत पाहा, सणावाराला मी त्यांच्या पाया पडते, पण त्यात दिसतो तो पायाचा वरचा भाग. तळवा कुणालाच दिसत नाही, त्यांना स्वतःलाही नाही. मी म्हटलं, "अहो आई, तुमच्या पायांना आता सांगता येत नाही, तर बघायला तरी कुणीतरी हवंच ना?" त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी तोड निघाली ती नातीमुळे. "माझ्या चिमणीला बघू दे," म्हणाल्या. मग चिमणी टॉर्च धरते आणि मी बघते.

आता घरात काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. त्यांच्या आंघोळीचं पाणी मी माझं कोपर बुडवून पाहते. त्यांचा स्वतःचा हातही धरायचा नाही, कारण पायांमागून बोटांचा नंबर लागू शकतो. शेकायची रबरी पिशवी माळ्यावर गेली, विटेचा शेक बंद. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. एवढासा खडा दिवसभर पायाखाली राहिला तरी त्यांना कळणार नाही. घट्टा ब्लेडनं कापायचा नाही, नखं मी सरळ कापते. तळव्याला तेल लावायचं, पण बोटांच्या बेचक्यांत नाही, तिथे ओल राहते. मऊ तळाच्या एमसीआर चपला घरातसुद्धा घालायच्या. यावरून महिनाभर भांडण झालं, कारण घरात देव आहेत. देवघराच्या उंबऱ्यापाशी चपला काढून जाड मोजे चढवायचे, असा तह झाला. देवळात त्या आता पहाटे जातात, फरशी गार असताना. आणि साखरेचं पथ्य आहेच. गेलेले धागे सहसा परत येत नाहीत, पण उरलेले राखता येतात. तुमच्या घरी कुणाला जुना मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी त्या धाग्याची परीक्षा करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि टोचतही नाही.

रात्री जेवणं झाली की सासूबाई पाय स्टुलावर ठेवतात. पाहून झालं की चिमणीचा एक खेळ असतो. आजीनं डोळे मिटायचे आणि तिनं कापसाचा बोळा पावलावरून वर वर टेकवत न्यायचा. "कळतंय?" "नाही." "आता?" "नाही गं." "आता?" "हां, आता कळलं!" ती जागा आम्हाला पाठ झाली आहे. डाव्या पायाला घोट्याच्या हाडावर दोन बोटं, उजव्याला तीन. गेल्या दिवाळीत होती तिथंच या दिवाळीतही आहे.